अंजनाबाईची सुसर

अंजनाबाई हिंदी बोलायला लागली की तिचा नवरा पुंडलिक विडी पेटवायच्या निमित्ताने उठून बाहेर जायचा. त्याला ऐकवत नसे. बाईची हिंदी म्हणजे अख्खी मराठी आणि शेवटी चिकटवलेलं 'है'. "तेरे पोट्टे का पोट कडक लगता है मेरे को, ओव्याचा शेक दिया क्या नहीं दिया?" असं ती धडाधड विचारायची. समोरची बाई तेलुगू असो की ओडिया, तिला ते कळायचंही. निदान अंजनाबाईचा तसा पक्का समज होता.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. पहिली भट्टी पेटली होती, बाकीच्यांचं लोखंड चढत होतं, आणि मरोदा गावाच्या अंगाला बांधलेल्या टिनाच्या चाळींत देशभरची माणसं येऊन पडली होती. पुंडलिक आधी नागपूर लाइनीवर गँगमन होता. दुर्गपर्यंत रूळ ठोकत ठोकत आला आणि इथेच कारखान्यात खलाशी म्हणून लागला. मोठमोठ्या लोखंडी तुळया दोरखंडाने बांधून क्रेनच्या आकड्याला अडकवायच्या, हे त्याचं काम. माणूस तुळईला भीत नसे, बायकोला भीत असे.

अंजनाबाई चाळीची सुईण. तिथल्या छत्तीसगढी बाया तिला दाई म्हणायच्या. त्यांच्या बोलीत सुईणही दाई आणि आईही दाई, त्यामुळे बाईला ते नाव गोड लागे. बाळंतपण करायचं, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायचं, शेक-शेगडी बघायची. तिचे हात रुंद आणि गरम होते, आणि तोंडही तसंच. बाळंतिणीच्या सासूला ती पहिल्याच दिवशी दमात घ्यायची, म्हणजे पुढचे दिवस बरे जायचे.

तिच्या गाठोड्यात वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ असायचं आणि एक दात असायचा. तर्जनीच्या दोन पेरांएवढा, चपटा, मागे वाकलेला, चिंचोक्याच्या रंगाचा आणि दगडासारखा जड. तिच्या बापाला तो वावरात विहीर खणताना तांबड्या मातीच्या थरात सापडला होता. गावाने एकमताने सांगितलं, सुसरीचा दात आहे. आता सुसरीचा दात पडला तरी तिथे नवा येतो, हे नदीकाठच्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून तो दात सहाणेवर दोन वेढे घासून लेकराला चाटवला की लेकराचे दात सुखाने येतात, असं तिची आई म्हणायची. आईने घासला, मग लेकीने घासला. बापाने त्याला सोनाराकडून चांदीची टोपी बसवून घेतली होती आणि आतल्या वाकाच्या कडेला चांदीचीच पट्टी मढवली होती. ती कड बोटाला खरखरायची. लेकराच्या ओठाला लागेल, म्हणून.

चाळीत शेजारच्या खोलीत दुर्गा राहायची. तिचा नवरा भैयालाल कारखान्यात मातीकामावर होता. दोघं जवळच्याच खेड्यातली, छत्तीसगढी, आणि दुर्गाचं पहिलंच लेकरू. ते अंजनाबाईच्याच हातावर जन्मलं होतं. पोराच्या हिरड्या सुजल्या, रडून रडून त्याने चाळ डोक्यावर घेतली, तेव्हा अंजनाबाई सहाण घेऊन आली आणि दात घासायला बसली.

दुर्गाने विचारलं, "ए काकर दाँत आय, दाई?" म्हणजे, हा कोणाचा दात?

अंजनाबाई म्हणाली, "सुसर का दात है."

दुर्गाचा चेहरा उतरला. "काकर?"

"सुसर का, सुसर का! मरा हुआ था. मिट्टी में से निकाला. फिर मेरे बाप ने चांदी में मढाया. बहुत गुणकारी है."

सुसर म्हणजे मराठीत मगर. पण दुर्गाला सुसर ठाऊक नव्हती. तिला ससुर ठाऊक होता. अंजनाबाईचा सासरा धोंडबा आदल्याच वर्षी त्याच चाळीत वारला होता आणि दुर्गानेही त्याच्या दारात बसून डोळे पुसले होते. आता ती सहाणेवरची तपकिरी रेघ बघत राहिली. मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने पोराला चाटू दिलं. 'ध'चा 'मा' झाला तो असा, भर सकाळी, दोन बाया एकमेकींशी प्रेमाने बोलत असताना.

दोन-तीन दिवसांत पोराला हगवण लागली, ताप चढला. दवाखान्यात ठेवावं लागलं. दात येताना पोरं अशी आजारी पडतातच, आणि चाळीतलं पाणी तेव्हा कसं होतं ते तिथे राहिलेल्यांना विचारावं. पोर बरं होऊन घरी आलं. पण तेवढ्यात दुर्गाची सासू कौशल्या खेड्यावरून धावत आली होती, आणि दुर्गाने रडत रडत तिला सगळं सांगून टाकलं होतं.

कौशल्या ही काही कुजकट बाई नव्हती. तिने स्वतःची चार लेकरं जाळली-पुरली होती आणि हा पहिला नातू होता. ती नळावर उभी राहिली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "मोर नाती ला मुरदा के दाँत पियाइस! टोनही!"

माझ्या नातवाला मुडद्याचा दात पाजला, असं ती म्हणत होती. आणि टोनही म्हणजे चेटकीण. त्या मुलखात हा शब्द कोणी थट्टेत वापरत नाही. ज्या बाईला तो चिकटतो, तिच्या घरचं पाणी सुटतं, आणि कधी कधी गाव तिला घराबाहेर ओढून काढतं.

अंजनाबाईला आधी काही कळेना. नळावर गेली की बाया आपल्या बादल्या उचलून बाजूला सरकायच्या. न्हाऊ घालायला जायची ती दोन घरं होती, त्यांची दारं लागली. एक ओडिया बाळंतीण तिला बघून पोराच्या तोंडावर पदर ओढती झाली. तीन आठवड्यांचं ते लेकरू तिनेच पायाळू असताना फिरवून काढलं होतं.

शेवटी मुकादम गुलाबराव घरी आला. तो भंडाऱ्याकडचा, पुंडलिकाच्या ओळखीचा. पाणीही न घेता उंबऱ्यातच उभा राहिला.

"वैनी, काही महिने गावाले जाऊन या. लोक तापून राहिले. उद्या काही वाईट झालं तं मी काही करू शकणार नाही."

"मी कावून जाऊ? काय केलं मी?"

गुलाबराव खाली बघत म्हणाला, "लोक म्हन्ते, तुमी सासऱ्याचा दात घासून लेकराले पाजला. बुढ्याले जाळायच्या आधी उपटून घेतला म्हन्ते."

अंजनाबाई असली हसली की पुंडलिक घाबरून आत आला. "माया सासऱ्याचा? त्या बुढ्याच्या तोंडात एक दात नोता बाप्पा! मरेपर्यंत वरनात भाकर कुस्करून खाल्ली त्यानं! त्याचा दात मी कोठून आनू?"

हसता हसताच तिला उमगलं. सुसर. ससुर. तिने कपाळावर हात मारून घेतला. एवढंच ना! ती तशीच उठली, शेजारच्या दारात गेली आणि कौशल्येला म्हणाली, "अवो, ससुर नहीं! मगर! मगर!"

"मगर का?" कौशल्या म्हणाली.

"मगर का दात है!"

पण हिंदीत 'मगर' म्हणजे 'परंतु' सुद्धा. कौशल्येला एवढंच ऐकू आलं, की ही बाई आता परंतु-परंतु करायला लागली. "मगर-वगर कुछु नइ!" म्हणत तिने दार लावून घेतलं. पुढे दुर्गाच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण सासू म्हणाली, पकडली गेल्यावर कोण सांगेल ससुरचा म्हणून? चोर काय आपणहून पोतडी उघडतो? आणि ते चाळीला पटलं.

अंजनाबाईला खरा राग आला तो आपल्या माणसांचा. चाळीत मराठी घरं काही कमी नव्हती. त्यातल्या बायांना सुसर म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच पोरांनी तो दात चाटला होता. त्यांतली एक जरी नळावर बोलली असती तरी काम झालं असतं. पण ज्या त्या बाईने "आमाले काय मालूम बाई" म्हणून बादली भरली आणि घर गाठलं. टोनहीची बाजू घेणारी उद्या स्वतः टोनही ठरते, हेही त्यांना ठाऊक होतं. अंजनाबाईने हे मनात ठेवलं आणि त्यातल्या दोघींशी ती मरेपर्यंत सरळ बोलली नाही.

रात्री पुंडलिकाने बॅग काढली. "जाऊ ना आपन. डोंगरगावले तुया भावाकडं राहा. मी इथं पाहातो."

"ठेवा ते बॅग जाग्यावर," ती म्हणाली. "आज मी गेली, तं मी टोनहीच होती म्हून गेली. मंग या चाळीत कोनी सुईन पाय ठेवणार नाही, अन् बाया अडून मरतीन. मी सांगून कोनी ऐकत नाही ना? मंग असा मानूस आनीन, जो माया नात्याचा नाही अन् त्यायच्याबी नाही. त्यानं सांगावं, दात कोनाचा ते. तुमच्या कारखान्यात दगडं पाहाणारा साहेब आहे म्हनत होते ना तुमी?"

होता. पटेरिया साहेब. जबलपूरचा, भूगर्भशास्त्र शिकलेला. खाणीवरून चुनखडीच्या आणि लोहखनिजाच्या गाड्या यायच्या, त्यातला दगड बघून तो कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाचा ते सांगायचा. पुंडलिक म्हणाला, साहेबाला दगडाचं कळतं, दाताचं काय कळणार? अंजनाबाई म्हणाली, "तो दात दगडाचाच झाला आहे. त्याले पाहून तं घेऊ द्या."

पटेरिया साहेबाच्या कचेरीपुढे पत्र्याची शेड होती. चपराशाने तिला हटकलं. ती सावलीला बसली. चपराशी म्हणाला, साहेब खाणीवर गेलेत. ती दुसऱ्या दिवशी येऊन बसली. साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती बसली. तोवर चाळीत कोणी तिला काम देतच नव्हतं, तेव्हा वेळ बक्कळ होता. पुढे एक दिवस साहेबाची जीप सुटायला आली आणि चपराशी चहाला गेलेला होता. अंजनाबाई जाऊन जीपच्या पुढे उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तिने कमरेची चंची सोडली, दात काढला आणि बॉनेटवर ठेवला.

"साब, ये कोनाचा दात है, उतना बोलो. फिर मैं जाती."

पटेरिया साहेब तरुण माणूस, तापट नव्हता. त्याला बाईची हिंदी ऐकून हसू आलं. दात उचलला आणि हसू गेलं. त्याने तो तळहातावर तोलला, गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावलं आणि जीपमधून उतरला. तिला कचेरीत नेऊन खुर्ची दिली. अंजनाबाई खुर्चीत बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली. दात आपल्या नजरेआड होऊ नये म्हणून.

"ये तो पत्थर बन चुका है, अम्मा," साहेब म्हणाला. "बहुत पुराना है. मगर का हो सकता है."

अंजनाबाईने डोळे मिटून हात जोडले. सुटली एकदाची! तिला वाटलं, आता या साहेबाचं बखोट धरावं आणि चाळीत न्यावं.

पण साहेबाने विचारलं, "मिला कहाँ?"

"डोंगरगाव."

साहेबाचा चेहरा बदलला. त्याने भिंग खाली ठेवलं. "देखो अम्मा, सच बोलो. डोंगरगाव मैं गया हूँ. वहाँ का पत्थर इतना पुराना है कि उस वक्त धरती पर हड्डी-दाँत वाला कोई जानवर था ही नहीं. वहाँ ये मिल ही नहीं सकता."

अंजनाबाईच्या अंगाची लाही झाली. आगीतून निघाली आणि फुफाट्यात पडली. चाळीत खोटारडी, आता इथेही खोटारडी! "मैं झूट क्यों बोलेगी? मेरा मायका है वो! मेरे बाप की विहीर है!" तिने तावातावाने सगळं सांगितलं. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली तांबडी चिकणमाती. बाप खाली आणि ती वर टोपल्या ओढायला. वरोऱ्याचा बाजार तिथून किती जवळ.

"वरोरा?" साहेब थांबला. "कौन-सा वरोरा? चांदा जिले का?"

"तो और कौन-सा?"

मग साहेबाला आपलीच चूक कळली. राजनांदगावजवळ एक डोंगरगाव आहे. दुर्ग-भिलाईच्या माणसाने डोंगरगाव म्हटलं की तेच डोळ्यापुढे येतं. आणि वऱ्हाड-चांद्याकडे तर दर दोन टेकड्यांआड एक डोंगरगाव. साहेबाने नकाशा काढला आणि त्यावर बोट ठेवलं. बाईला नकाशातलं काही उमगलं नाही, पण साहेबाचा आवाज बदलला होता हे उमगलं. तो म्हणाला, तुमच्या तिकडे जी तांबडी माती लागते तसलीच आमच्या जबलपूरच्या टेकडीला लागते, आणि तिच्यात फार मोठ्या जनावरांची हाडं निघालेली आहेत.

त्याने दात पुन्हा उचलला आणि आता तो तिला समजावत समजावत बघायला लागला. मगरीचा दात गोल असतो, खुंटीसारखा. ती भक्ष्य धरून ठेवते. हा दात दोन्ही बाजूंनी चपटा आहे, सुरीसारखा. सुरी धरून ठेवायला नसते, कापायला असते. म्हणजे हा मगरीचा नसावा. तो ज्या जनावराचा असावा अशी शंका येत होती, त्याच्या दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असायला हवेत. पण ही कड तर गुळगुळीत होती.

"घासून घासून," अंजनाबाई म्हणाली. "मेरे माँ ने घासा, मैंने घासा. ये ही बाजू घासते." आणि मग तीच सावकाश बोलली, "दूसरी बाजू खरखर करती थी. उस पर चांदी है."

साहेबाने पट्टीवरून बोट फिरवलं. "चाँदी निकालनी पड़ेगी. निकालते वक्त दाँत टूट भी सकता है." मग त्याने बाईकडे बघितलं. आतापर्यंत बाईच्याच तोंडून त्याला चाळीची हकिगत कळली होती. तो भला माणूस होता म्हणून पुढचं बोलला: "नहीं तो रहने दो. मैं तुम्हारे मोहल्ले में आकर कह देता हूँ कि मगर का है. तुम्हारा काम हो जाएगा."

आता बघा, काम खरंच झालं असतं. बाईला हवं होतं ते समोर वाढून ठेवलेलं होतं. मगर म्हणजेच सुसर. ती पहिल्यापासून जे म्हणत होती तेच एक शिकलेला साहेब म्हणणार होता. चांदी काढून दुसरंच काही निघालं तर? लोक म्हणतील, आधी ससुर, मग मगर, आता तिसरंच. हात दाखवून अवलक्षण. शिवाय ती चांदी बापाची. बाप गेला तेव्हा भावांनी वावर वाटून घेतलं, हिच्या वाट्याला तेवढंच आलं होतं.

अंजनाबाईने साहेबाच्या हातातून दात घेतला.

"मेरे को लोगों ने झूटी बोला," ती म्हणाली. "अब मैं तुमको झूट बोलने को लगाऊँ? फिर उनका ही सच हो गया ना?"

तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि पट्टीच्या टोकाखाली घातला. साहेब म्हणाला, मी अवजार देतो. तिने ऐकलं नाही. बाळाची नाळ कापणारे ते हात होते. त्यांना जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही हे कळत होतं. चांदी थोडी थोडी उकलत आली. शेवटी ती सालपटासारखी गोल होऊन टेबलावर पडली. दात शाबूत होता.

साहेबाने भिंग लावून बघितलं. मग त्याने भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं. आत करवत होती. एकासारखा एक दाता, टोकापासून बुडापर्यंत ओळीने, सुताराने कालच कानस फिरवावी तसा.

"मगर नहीं है," साहेब म्हणाला. "सरड्याच्या-मगरीच्या दूरच्या गोतातलाच, पण दोन पायांवर चालणारा, घरापेक्षा उंच, मांस फाडून खाणारा." हे त्याने आपल्या हिंदीत सांगितलं आणि बाईने आपल्या मराठीत ऐकलं. डायनासोर हा शब्दही त्याने सांगितला, तो तिने तिथेच सोडून दिला. "करोड़ों साल पहले का. तब आदमी पैदा ही नहीं हुआ था, अम्मा. न कोई ससुर था, न कोई बहू."

अंजनाबाईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

मग साहेब जरा चाचरत म्हणाला, हा दात मला द्या. मोठ्या शहरात याची नीट तपासणी व्हायला हवी, असा दात घासून संपवायचा नसतो. अंजनाबाईने दात मुठीत धरला. "देती. पहले मेरे साथ नल पर चलो. जिधर मेरे को बोले, उधर बोलो."

पटेरिया साहेब संध्याकाळच्या पाण्याच्या वेळेला खरंच नळावर आला. जीपमधून उतरलेला साहेब बघून चाळ गोळा झाली. गुलाबराव पुढे येऊन सलाम ठोकून उभा राहिला, जणू बोलावणं त्यानेच धाडलं होतं. साहेबाने सगळं सांगितलं. अंजनाबाई मध्येच म्हणाली, "ये भी बोलो कि मैं चुकली. सुसर का भी नहीं है." साहेबाने तेही सांगितलं. लोकांना करोडो वर्षं कळली नाहीत; कोणाला कळतात? पण भिंग कळलं. एकेक जण डोळा लावून करवत बघायला लागला. शेवटी दुर्गाने सासूला पुढे केलं. कौशल्येने भिंगातून बघितलं, मग कडेवरून अंगठा फिरवला आणि झटक्यात हात मागे घेतला. माणसाच्या तोंडात असला दात नसतो, हे कळायला तिला शिक्षणाची गरज नव्हती.

तिने साहेबाला एकच विचारलं. घासून पाजल्याने पोराला काही झालं असेल का?

"कुछ नहीं," साहेब म्हणाला. "पत्थर है. न नुकसान, न फायदा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अंजनाबाईला मात्र ते 'न फायदा' लागलं. किती लेकरांना तिने तो दात घासून चाटवला होता, आईने चाटवला होता, आणि त्यांना दात आपले आपणच येत होते तर! तिने दात साहेबाच्या हातात दिला, पट्टीची चांदी कमरेला खोचली आणि कोणाकडे न बघता घरी गेली. मागून चुकलो म्हणणारं कोणीच नव्हतं. माणसाला वाईट बोलायला सगळी चाळ लागते, ते मागे घ्यायला कोणी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी बादल्या बाजूला सरकल्या नाहीत. एवढाच फरक. पण न्हाऊ घालायला कोणी बोलावलं नाही. बायांना आता तिची भीती नव्हती, लाज वाटत होती, आणि लाजेपोटी माणूस भीतीपेक्षा जास्त लांब राहतो. पुंडलिक म्हणायचा, झालं ना तुझं खरं, आता सोड. ती म्हणायची, "मले खरं नाही पायजे होतं फकस्त. मले मायं काम पायजे." ती रोज नेमाने तेल गरम करून हात शेकायची आणि रिकामी बसायची. मी दुसरीकडे जाणार नाही, असं तिने पुंडलिकाला पुन्हा बजावून ठेवलं होतं.

पाऊस सरून कापणीचे दिवस आले. कौशल्येची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला भावाकडे, भैयालालकडे आली होती. एक दिवस भर दुपारी, पुरुष कामावर गेलेले असताना, तिला कळा लागल्या. पोर आडवं होतं. शेजारणीपाजारणी जमून नुसत्याच रामराम म्हणत होत्या. दवाखान्याची गाडी बोलवायला गेलेला माणूस अजून परतला नव्हता. तेव्हा कौशल्या अंजनाबाईच्या दारात आली. तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिने दोन्ही हात पुढे केले.

अंजनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मेरे पास वो दात नहीं है अब."

"दाँत नइ," कौशल्या म्हणाली. "तोर हाथ चाही."

अंजनाबाईच्या मनात बोलायचं खूप साठलं होतं. रोज तेल शेकताना तिने ते शब्द घासूनपुसून ठेवले होते, कौशल्या अशीच कधी दारात येईल म्हणून. त्यातला एकही तिने काढला नाही. तिकडून पोरीची किंकाळी ऐकू आली होती. तिने पदर खोचला, तेलाची वाटी उचलली आणि बाहेर पडली.

भैयालालने त्या प्रकारानंतर चाळीच्या दुसऱ्या टोकाला खोली बदलून घेतली होती आणि वाट नळावरूनच जात होती. दुपारचं पाणी सुटलं होतं, बायांची ही झुंबड. अंजनाबाई तिथे अडली. तेवढ्यात मागून धापा टाकत येणारी कौशल्या पुढे घुसली, तिने दोन्ही हातांनी बाया बाजूला लोटल्या आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "हटव, हटव! दाई जात हे! मोर दाई जात हे!"

अंजनाबाईचे डोळे भरून आले. ते पुसायला ती थांबली नाही. पोर आडवं होतं, आणि ते फिरवायचं होतं.